फडकं, कँडल आणि लाल कार्ड



माण तालुक्यातल्या एका वाडीवर बैठकीला गेले होते. उठता उठता एक सून म्हणाली, "ताई, पोराला जुलाब लागले की सासू म्हणते, पाणी नीट गाळलं नसशील. मी तर चांगलं फडकं बांधून गाळते. मग चुकतंय कुठं?"

तिचं काहीच चुकत नव्हतं. जंतू असतो एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या-पाचशेव्या भागाएवढा. जुन्या सुती साडीची चार पदरी घडी केली तरी तिची छिद्रं २० मायक्रॉनच्या आसपास राहतात. जंतू त्यातून सहज पार होतो. तरी फडक्याला हसू नये. रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात ६५ गावांत हे करून पाहिलं. चार पदरी साडीतून पाणी गाळणाऱ्या घरांत कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला. २००३ साली ते प्रसिद्ध झालं. नदी-तळ्यातले कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात, आणि ते जीव फडक्यात अडकतात. साडी जुनी हवी, कारण धुऊन धुऊन सूत पिंजतं आणि छिद्रं बारीक होतात. आपल्या आज्या लुगड्याचं फडकं वापरत, ते अडाणीपण नव्हतं. पण विहिरीत किंवा टँकरच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं असेल, तर त्यातले सुटे जंतू फडकं अडवत नाही.

कँडलचा फिल्टर अडवतो. मात्र कँडलला बारीक चीर गेली की तो फिल्टर नुसता शोभेचा. आणि काविळीचा विषाणू जंतूपेक्षा कितीतरी लहान. तो चांगल्या कँडलमधूनही निसटू शकतो. त्यासाठी पाणी उकळायला हवं किंवा क्लोरीन हवं. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, म्हणून आधी गाळायचं, मग औषध टाकायचं.

आता यातलं काम कुणाचं, ते मोजा. हंडा आणणं, गाळणं, कँडल घासणं, उकळण्यासाठी जळण आणणं, आणि एवढं करून पोर आजारी पडलं तर रात्र जागून वर बोल ऐकणं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. पूर ओसरल्यावर घरातला चिखल काढून पाणी उकळत बसल्या त्या बायकाच. आटपाडी-जतला पाणी नाही म्हणून आणि पलूस-वाळव्याला पाणी फार झालं म्हणून, पण हात तेच.

१८९२ साली जर्मनीत हँबुर्ग आणि आल्टोना ही शेजारची शहरं एल्ब नदीचंच पाणी पीत होती. आल्टोना तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हँबुर्गची घाण पोटात घेणारं. कॉलऱ्यानं हँबुर्गमध्ये आठ हजारांहून जास्त माणसं गेली, आल्टोना बरंचसं वाचलं. तिथल्या बायका काही जास्त टापटिपीच्या नव्हत्या. आल्टोनात पाणी वाळूच्या गाळण्यांतून सोडलं जात होतं. हँबुर्गनं तो खर्च लांबणीवर टाकला होता.

आपल्याकडे पाणीस्रोतांची तपासणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं आहे. पाणी भरून ठेवलेली बाटली काळी पडली की ते दूषित, एवढं सोपं. पण बाटली काळी पडल्यावर पुढे काय? टाकी कोण धुणार, टीसीएल पावडर कधी आणि किती पडली, हे विचारायचा अधिकार त्या पाचजणींना आहे का, की तपासणी हे आणखी एक बिनपगारी काम? तुमच्या गावात काय होतं, ते आम्हाला लिहून कळवा.

त्या वाडीचं कार्ड कुठल्या रंगाचं, हे बैठकीत एकीलाही ठाऊक नव्हतं. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ती सून तेच विचारणार आहे. सासूलाही बरोबर आण, असं मी तिला सांगितलं आहे.