धुक्याचं चिलखत

चीन म्हटलं की आपल्याला शांघायच्या चकाचक इमारती आठवतात, नाहीतर बीजिंगजवळची ती भिंत. पण बॉस, माझं मत विचाराल तर सगळ्यात भन्नाट शहर म्हणजे चोंगचिंग! यांगत्झे आणि जियालिंग या नद्यांच्या संगमावर, डोंगरउतारांवर चढत गेलेलं. लिझिबा स्टेशनात तर मोनोरेल चक्क एका रहिवासी बिल्डिंगच्या पोटातून जाते. कार, मोटारसायकली, लॅपटॉप, सगळं इथं बनतं.

मला मात्र या शहराच्या हवेत इंटरेस्ट आहे. हिवाळ्यात इथं धुकं उतरतं आणि सूर्य दिसणं दुर्मीळ होतं. एकदम डिप्रेसिंग वेदर, असं आपण म्हणू. पण याच धुक्यानं एके काळी हे शहर तगवलं.

1937 मध्ये जपानी फौजा पुढे सरकल्या, तेव्हा चीन सरकारनं राजधानी नानजिंगहून इथं हलवायचं ठरवलं. पूर्वेकडचे कारखाने सुटे करून, बोटींत भरून यांगत्झेतून वर आणले गेले. आजच्या औद्योगिक शहराचा पाया तेव्हाच भक्कम झाला. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही 1938-39 च्या हिवाळ्यात भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर याच शहरातून येनानला गेले.

जपानी विमानांनी 1938 ते 1943 या काळात शहरावर बॉम्ब टाकले. हिवाळ्यात धुक्यामुळे वैमानिकांना खालचं नीट दिसायचं नाही, मग हल्ले थंडावायचे. 1941 पासून तर लोकांनी धुक्याच्या मोसमात नाटकांचा सीझनच रंगवला! पण आकाश निवळलं की पोटात गोळा. 3 आणि 4 मे 1939 च्या हल्ल्यांत हजारो माणसं गेली. ‘काय छान हवा आहे’ हे वाक्य तिथं कुणाला सुचत असेल?

लोकांनी डोंगर पोखरून भुयारं केली. तीही नेहमीच वाचवू शकली नाहीत. 5 जून 1941 ला एका भुयारात प्रचंड गर्दी झाली आणि शेकडो जण गुदमरून, चेंगरून मेले.

आता विमानं येत नाहीत, ऊन येतं. चीनच्या ‘भट्टी’ शहरांत चोंगचिंगचं नाव पहिल्यापासून आहेच, पण ऑगस्ट 2022 मध्ये बेईबेई भागात पारा 45 अंशांवर गेला. जियालिंगचं पात्र उघडं पडलं, वीज कमी पडली, कारखाने बंद ठेवावे लागले. आणि लोक कुठे गेले? बरेचसे त्याच जुन्या भुयारांत, गारव्याला.

काही भुयारांत आता झणझणीत हॉटपॉटची रेस्टॉरंट्स आहेत. कधी गेलात तर जरूर खा, घाम पुसत खा. फक्त एकदा मान वर करून छताकडे बघा. ते कुणी हॉटेलसाठी खोदलेलं नाही.