आधी तेल बघा!

माझं स्पष्ट मत आहे : ट्रॅक्टरच्या लिफ्टला रोग कमी आणि वैद्य फार!

मेव्हण्याच्या जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट नांगर उचलीना. रानात वाफसा, पेरणी तोंडावर. मिस्त्री आला, मडगार्डवर थाप मारून म्हणाला, "पंप गेला. खोलावा लागेल." मेव्हणा लगेच पैशांची जुळवाजुळव करू लागला.

मी विचारलं, "तेल बघितलं का?"

"दाजी, तुम्ही बँकेतच बरे!"

असेन बुवा. पण रोकड जुळली नाही म्हणून आम्ही तिजोरी फोडत नाही. आधी नोटा पुन्हा मोजतो. हॅरी फर्ग्युसनच्या १९४६ सालच्या टीई-२० घ्या, की त्याच वळणाचे पुढचे ट्रॅक्टर घ्या. गिअरचं आणि लिफ्टचं तेल एकच. तेल उतरलं की पंप हवा ओढतो. दुसरी तपासणी मागच्या स्प्रिंगची. नांगर रुतला की टॉप लिंक हीच स्प्रिंग दाबते, अन् लिफ्ट नांगर जरा वर घेते. ती हाताने मागेपुढे हलवून बघावी. सैल लागली तर आधी तिची ढिलाई काढावी. दोन्हींना मिळून पाच मिनिटं! पंप खोलला तर दिवस जातात, आणि वाफसा काही मिस्त्रीची वाट बघत थांबत नाही.

डिपस्टिक काढली. कोरडी ठणठणीत! तेल ओतलं, नांगर उठला.

"मी तेच म्हणणार होतो," मिस्त्री म्हणाला.

मेव्हण्याने माझा सल्ला जमा करून घेतला आणि तेलाचे पैसे माझ्या नावे टाकले.