गाळातला सेल्युलोज आणि बांबूचा हिशोब



आमचं हेर्त्सोगेनआउराख म्हणजे आदिदास आणि पूमाचं गाव. इथे कपडे घेताना लेबल वाचायची सवयच लागते. २०२२ मध्ये आदिदासने लाकडाच्या लगद्याचा स्पिनोव्हा धागा वापरून हुडी आणली, तेव्हा मूळचा चंद्रपूर जिल्ह्यातला असल्याने मला बल्लारपूरची कागद गिरणी आठवली. तिथे वर्षानुवर्षं आसपासच्या जंगलातला बांबू गेला.

लगदा शिजवताना लाकूड असो वा बांबू, साधारण निम्माच भाग हाती येतो. विरघळलेलं लिग्निन 'ब्लॅक लिकर'मधून जाळून वाफ करतात, रसायनंही परत मिळवतात. पण धुण्याच्या पाण्याबरोबर निसटलेले आखूड तंतू गाळात बसतात. हा चांगला सेल्युलोज! त्याचा पुठ्ठा होतो, अंड्यांचे ट्रे होतात. अतिबारीक केला तर कागदाला बळकटीही देतो. अडचण एवढीच, की त्यात चुना-माती मिसळलेली असते आणि ती काढायला खर्च येतो.

माझ्या मते हा खर्च गिरण्यांनी करायलाच हवा. पण वाचलेल्या बांबूचा फायदा कोणाला? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेपर्यंत २०११ उजाडलं. उद्या गिरणीची मागणी घटली, तर तोटा अशा ग्रामसभांच्या माथी नको. गाळाबरोबर जंगलवाल्यांचाही हिशोब मांडा, मगच लेबलावर 'पर्यावरणपूरक' लिहा.

तुम्हाला काय वाटतं?