जांभळ्या दिव्याची अंधश्रद्धा

सोलापुरात गॅलरीत आणि स्वयंपाकघरात भाजी पिकवणाऱ्या मंडळींमध्ये सध्या एक मत मोठ्या आत्मविश्वासाने फिरत आहे. झाडाला फक्त लाल आणि निळा प्रकाश लागतो. हिरवा प्रकाश पान परतवून लावतं, म्हणून तर ते हिरवं दिसतं. पांढऱ्या एलईडीत हिरवा भाग मोठा, तेव्हा तिच्यावर घातलेली वीज वाया. सबब रोपांसाठी जांभळा 'ग्रो लाइट'च घ्यावा, आणि साध्या ट्यूबखाली मेथी-कोथिंबीर करणाऱ्यांनी आधी शास्त्र शिकून यावं. हे सांगणारे गृहस्थ चांगले शिकलेले आहेत आणि त्यांच्या शब्दावर लोक हजारो रुपये घालवतात. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं.

या मताचं सगळं भांडवल म्हणजे एक आलेख. जीवशास्त्राच्या पुस्तकात तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे: एक उंचवटा निळ्यात, एक लाल रंगात आणि मधे हिरव्याच्या जागी सपाट दरी. पण तो आलेख काढला कशाचा? पानं कुटून, त्यातलं हरितद्रव्य ॲसिटोनसारख्या द्रावकात उतरवून, त्या काचेच्या नळीतल्या पाण्यासारख्या द्रावाचा. झाड नळीत जगत नाही. पानात पेशींचे थर असतात, मधे हवेच्या पोकळ्या असतात. आत शिरलेला प्रकाश त्या पोकळ्यांवर आपटून इकडेतिकडे फिरतो. लाल आणि निळा वरच्या थरांतच संपतात; हिरवा एका थरातून निसटतो, पण पुढच्या थरांत पकडला जातो. निरोगी पान हिरव्या प्रकाशाचाही बहुतांश भाग शोषून घेतं. जो थोडा परत फिरतो, त्यालाच आपला डोळा भुलतो, कारण माणसाच्या डोळ्याची संवेदना सर्वांत तीव्र असते ती हिरव्याच भागात, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास. डोळ्याला काय दिसतं यावरून झाडाचा आहार ठरवणाऱ्यांनी दुसऱ्याला शास्त्र शिकवावं, हे धाडसच म्हणायचं.

हा वाद आजचा नाही. १८८२ साली एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने शेवाळाच्या एका धाग्यावर लोलकातून रंगांचा पट्टा पाडला आणि प्राणवायूकडे धावणारे जिवाणू कुठे गोळा होतात ते पाहिलं. ते लाल आणि निळ्यापाशी गोळा झाले. प्रयोग अप्रतिम होता, पण तो एका पातळ धाग्यावरचा होता. जाड पानाचा हिशेब लागायला बराच काळ गेला. १९७२ साली मॅक्री या संशोधकाने तब्बल २२ पिकांची पानं घेऊन, एकेका तरंगलांबीचा प्रकाश टाकून, ती किती कार्बन डायऑक्साइड घेतात ते मोजलं. लाल पहिला आला, यात शंका नाही. पण हिरवा शून्यावर नव्हता. तो निळ्याच्या तोडीला उभा होता. रोपांच्या प्रकाशाचं मोजमाप ४०० ते ७०० नॅनोमीटर या पूर्ण पट्ट्यात होतं, हिरवा वगळून होत नाही, त्यामागे हीच मोजमापं आहेत. पन्नास वर्षांपूर्वी निकाल लागलेला खटला आपल्याकडे अजून नवा म्हणून चालवला जातो, आणि हरलेल्या पक्षाचा वकील फी घेऊन जातो.

त्यांचा दुसरा पुरावा सांगोला-पंढरपूर भागातल्या ड्रॅगन फ्रूटच्या मळ्यांचा. तिथे काही शेतकरी हिवाळ्यात रात्री दिवे लावतात, मग घरात का नको? कारण ते दिवे झाडाला जेवू घालण्यासाठी नसतातच. ड्रॅगन फ्रूटला फुलायला लांब दिवस लागतो. लांबलेली रात्र मधे मोडली की झाड फसतं आणि हंगामाबाहेर कळ्या धरतं. त्यासाठी लाल भाग असलेला मंद उजेडही पुरतो. अन्न मात्र ते दिवसा सोलापूरच्या उन्हातच तयार करतं. खोलीतल्या मांडणीवर ते ऊन नाही. तिथे सगळं पोषण दिव्यातूनच यायचं आहे. फुलवणं आणि पोसणं यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने दिवे विकू नयेत.

उरलेले मुद्दे थोडक्यात. बॉक्सवर १००० वॅट छापलेले कित्येक स्वस्त जांभळे दिवे प्रत्यक्षात १०० वॅटच्या आसपासच वीज ओढतात. जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे, मावा लागलाय की नाही, काही कळत नाही. ६६० नॅनोमीटरची उत्तम प्रतीची लाल एलईडी वीज वापरण्यात पांढरीपेक्षा सरस असते, हे मला मान्य आहे. पण ती या स्वस्त डब्यांत सहसा नसते.

दिवेच नकोत म्हणणाऱ्यांचा एक जुना आक्षेपही इथे निकालात काढतो: सोलापुरात एवढं ऊन फुकट असताना दिवे कशाला? असं म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात गच्चीवर कोथिंबीर पेरून दाखवावी. पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो, बी उगवत नाही, उगवलं तर करपतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला गच्चीही नसते. ठिबकलाही एकेकाळी श्रीमंतांचे चोचले म्हटलं गेलं होतं, आणि आज ठिबकशिवाय या जिल्ह्यात डाळिंबाची बाग उभी राहत नाही. एलईडी महाग असते हेही असंच शिळं वाक्य. स्वस्त एलईडी बल्ब वाटणाऱ्या उजाला योजनेच्या काळात सरकारी खरेदीत एका बल्बचा भाव २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून दोनेक वर्षांत ३८ रुपयांवर आला. पांढरी एलईडी आज स्वस्त आहे ती याच प्रचंड खपामुळे. हा फायदा सोडून जांभळ्या डब्याला चौपट पैसे का मोजायचे?

मग घ्यायचं काय? पांढरी एलईडी. तिच्यात निळ्या चिपवर फॉस्फरचा थर असतो, त्यामुळे निळा, हिरवा, लाल तिन्ही येतात. खोक्यावर ल्युमेन आणि वॅट दोन्ही छापलेले असतात. ल्युमेन हे डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप, पण दोन पांढऱ्या दिव्यांची आपसात तुलना करायला ते पुरतं. ल्युमेनला वॅटने भागा. उत्तर १०० पेक्षा खूप खाली असेल तर ठेवून द्या, १२० किंवा १३० असेल तर घ्या. वॅटच्या आकड्यावर किंवा नुसत्या किमतीवर भुलू नका. दोन बाय चार फुटांच्या मांडणीवर २० वॅटच्या चार ट्यूब, पानांपासून वीतभर उंचीवर आणि बाजूंना पांढरा पत्रा लावून, रोपांना आणि कोवळ्या पालेभाजीला पुरतात. टोमॅटो-मिरचीची फळं त्याखाली मिळतील अशी आशा धरू नका.

पैशाचा हिशेब असा. ८० वॅट रोज १४ तास म्हणजे महिन्याला साधारण ३४ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ३४० रुपये. वॅटला १०० ऐवजी १३० ल्युमेन देणाऱ्या ट्यूब घेतल्या, तर तेवढाच उजेड ६२ वॅटमध्ये मिळतो आणि वर्षाला ९०० रुपयांच्या वर वाचतात. ट्यूबच्या किमतीतला फरक वर्षभरात भरून निघतो. रोपं ठेंगणी, दणकट हवी असतील तर ६५०० केल्विनची कूल डे लाइट, पालेभाजीला ४००० ची चालते. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज जुळवून देणारा भाग, वेगळा असेल तर तो मांडणीच्या बाहेर, हवेशीर जागी ठेवा. आपल्या उन्हाळ्यात एलईडीच्या आधी तोच जातो. आणि जास्त उजेडासाठी बल्बचं झाकण कापू नका: आतली पट्टी बऱ्याच बल्बांत थेट घरच्या विजेला जोडलेली असते, आणि तुमचा हात पाणी घालून ओला असतो.

जांभळा दिवा घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याला दोनच गोष्टी मागा: तो भिंतीतून प्रत्यक्ष किती वॅट ओढतो ते मीटर लावून दाखवा, आणि प्रत्येक वॅटमागे झाडाच्या उपयोगाचा किती प्रकाश देतो ते लेखी द्या. ही दोन उत्तरं मिळेपर्यंत पाकीट खिशात ठेवा आणि पांढरी ट्यूब घेऊन घरी या.