रविवार कामावर, जीव टांगणीला

गारखेडा परिसर तसा नोकरदारांचा. पुंडलिकनगर, जवाहरनगर, उल्कानगरी या वसाहतींतून रोज सकाळी कुणी वाळूजला निघते, कुणी चिकलठाण्याला, कुणी शेंद्र्याला. बँका, खासगी रुग्णालये, दुकाने, शिकवणी वर्ग, फायनान्स कंपन्या यांत काम करणारेही इथेच राहतात. या घरांमध्ये हल्ली एक वाक्य वारंवार ऐकू येते, ‘या रविवारीही जावे लागणार.’ आणि त्याच्या पाठोपाठ दुसरे, ‘एवढे करूनही साहेबांना त्याचे काहीच नाही.’

पहिले वाक्य आपण नाइलाज म्हणून ऐकतो आणि दुसरे रडगाणे म्हणून सोडून देतो. वैद्यकशास्त्र मात्र दोन्ही वाक्ये गांभीर्याने घेते. कामाचे तास जसे रक्तदाब, झोप आणि हृदयावर परिणाम करतात, तसाच परिणाम त्या कामाची कदर न होण्याचाही होतो, असे गेल्या तीन दशकांतील संशोधन सांगते. या दोन गोष्टी एकत्र येतात तेव्हा प्रश्न नोकरीपुरता राहत नाही, आरोग्याचा होतो.

५५ तासांची रेषा

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये एक संयुक्त अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघात आणि हृदयविकाराने दगावली, असे त्यात म्हटले आहे. २००० सालच्या तुलनेत ही वाढ २९ टक्क्यांची होती. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास ओलांडणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त आढळला.

टक्केवारीने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण तिचा अर्थ समजून घ्यायला हवा. समजा, एका वयोगटातील हजार माणसांपैकी दहा जणांना पक्षाघात होत असेल, तर दीर्घकाळ ५५ तासांवर काम करणाऱ्या हजारांत तो तेरा-चौदा जणांना होईल. एका माणसासाठी हा फरक लहान वाटतो. हजारो कामगारांच्या औद्योगिक वसाहतीसाठी तो लहान नाही. शिवाय हे दुखणे लगेच दिसत नाही. चाळिशी-पन्नाशीत केलेल्या अति कामाची किंमत अनेकदा साठीनंतर चुकवावी लागते. तोवर कंपनी बदललेली असते आणि साहेबही.

५५ तास म्हणजे फार मोठा आकडा वाटतो. पण हिशेब करून पाहा. आठ तासांची सरळ पाळी, एक मिनिटही ओव्हरटाइम नाही, फक्त रविवारची सुटी नाही; सात दिवसांचे झाले ५६ तास. म्हणजे एकट्या रविवारने माणूस ही रेषा ओलांडतो. यात गारखेड्याहून वाळूजला जाण्या-येण्याचा वेळ धरलेलाच नाही.

शरीरात काय घडते?

ताणाच्या वेळी शरीरात ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. नाडीचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वाढते. संकटाला तोंड देण्यासाठी ही निसर्गाची सोय आहे, मात्र ती थोड्या वेळासाठी. काम संपले, जेवण झाले, गाढ झोप लागली की रक्तदाब खाली येतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्रीच्या झोपेत साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. रक्तवाहिन्यांना मिळणारी ही रोजची विश्रांती असते. झोप तुटक झाली किंवा उशिरापर्यंत कामाचे फोन चालू राहिले, की ही उतरण नीट होत नाही. उच्च रक्तदाबाची सुरुवात अशी, काही न दुखता होते.

दुसरा मार्ग सवयींचा आहे. वेळ नसला की चालणे बंद होते, जेवणाच्या जागी वडापाव येतो, झोप उडवायला चहा आणि थकवा विसरायला तंबाखू किंवा सिगारेट. ‘रविवारी तपासून घेऊ’ म्हणून साखरेची तपासणी पुढे ढकलली जाते आणि रविवार काही उगवत नाही.

तिसरा धोका रस्त्यावरचा आहे. सलग १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून मंद होते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. आपल्याकडे वाहन चालवताना मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. सलग दोन पाळ्या करून मध्यरात्री दुचाकीवर घरी निघालेला कामगार निर्व्यसनी असतो, पण त्याचा मेंदू त्या मर्यादेपलीकडे गेलेला असू शकतो.

सुटीच्या दिवशी कामावर गेले नाही म्हणजे सुटले, असेही नाही. कधीही बोलावणे येईल म्हणून फोनजवळ ठेवून घरी थांबलेल्या कर्मचाऱ्यांचा जर्मनीत अभ्यास झाला. अशा दिवसांनंतर सकाळी त्यांची मनःस्थिती खालावलेली आणि कॉर्टिसॉल वाढलेले आढळले. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रविवारी दुपारी पडणारा ‘अर्जंट’ संदेश आपण कितीही हसण्यावारी नेला, तरी शरीर तो हजेरीपटासारखा मोजते.

कदर मोजता येते

आता दुसऱ्या वाक्याकडे येऊ. वैद्यकीय समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये कष्ट आणि मोबदला यांच्या असमतोलाचा सिद्धांत मांडला. माणूस कामात जितके ओततो, त्या मानाने त्याला परत मिळते किती, याचा समतोल बिघडला की तो ताण आजाराचे रूप घेतो, असे त्यांचे म्हणणे. मोबदला म्हणजे केवळ पगार नव्हे. सीग्रिस्ट यांनी त्यात तीन गोष्टी धरल्या: पैसा, मान, आणि नोकरीची शाश्वती व पुढे जाण्याची संधी. युरोपातील सुमारे ९० हजार कर्मचाऱ्यांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असा असमतोल असलेल्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण सुमारे १६ टक्के जास्त आढळले.

याचा अनुभव आपल्यालाही असतो. घरच्या लग्नात माणूस तीन रात्री जागतो, तरी त्याला त्याचे काही वाटत नाही. कौतुक होते, आपलेपण असते. तोच माणूस आठवडाभर उशिरापर्यंत थांबून काम पूर्ण करतो आणि सोमवारी ‘हे तर करायलाच हवे होते’ एवढेच ऐकतो, तेव्हा थकवा दुप्पट होतो. कंत्राटी कामगाराच्या वाट्याला तर तिन्ही बाजूंनी तूट येते. पगार कमी, मान नाही आणि ठेकेदार कधी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणेल याचा नेम नाही.

पुण्यातील एका घटनेने २०२४ मध्ये देशाला हा प्रश्न विचारायला लावला. अर्न्स्ट अँड यंग या बड्या लेखापरीक्षण कंपनीत मार्चमध्ये रुजू झालेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा जुलैमध्ये मृत्यू झाला. तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये सर्वांसमोर आले. रात्री उशिरापर्यंत आणि शनिवार-रविवारी चालणाऱ्या कामाचा त्यात उल्लेख होता. मृत्यूला कामाचा ताण कारणीभूत असल्याचे कंपनीने मान्य केले नाही, आणि एखाद्या मृत्यूचे वैद्यकीय कारण बाहेरून ठरवणे योग्यही नाही. पण त्या पत्रातील एक तक्रार वैद्यकीय नव्हती. मुलीच्या अंत्यसंस्काराला कंपनीतून कुणीही आले नाही, असे आईने लिहिले होते. त्याबद्दल अध्यक्षांनी जाहीर खेद व्यक्त केला. पुढे कामगार विभागाच्या पाहणीत या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. कामाच्या तासांवर मर्यादा घालणारा कायदा तो हाच.

हा रविवार मिळाला कसा?

साप्ताहिक सुटी ही मालकांनी आपणहून दिलेली भेट नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये एकोणिसाव्या शतकात दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना संघटित केले. सुमारे साडेपाच हजार सह्यांच्या अर्जात त्यांच्या मागण्या होत्या: रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी झालेल्याला भरपाई. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. सहा वर्षांच्या धडपडीने मिळालेला तो दिवस आज आपण एका फोनवर सोडून देतो.

जादा तास म्हणजे जादा काम?

मालकवर्गाची बाजू अशी की स्पर्धा तीव्र आहे, तास वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही. आठवड्याला ७० तास, ९० तास कामाचे सल्ले मोठ्या उद्योगपतींनी अलीकडे दिले, ते याच भूमिकेतून. पण याचा पडताळा शंभर वर्षांपूर्वीच झाला आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत रविवारसकट काम सुरू झाले. उत्पादन अपेक्षेइतके वाढेना, म्हणून सरकारने १९१५ मध्ये कामगारांच्या आरोग्याची समिती नेमली. तिने जमवलेल्या आकड्यांचा स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्काव्हेल यांनी २०१४ मध्ये नव्याने अभ्यास केला. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात उत्पादन वाढत होते. त्यापुढे वाढीचा वेग घसरला. ७० तास काम करून निघणारे उत्पादन ५६ तासांतील उत्पादनापेक्षा फारसे वेगळे नव्हते. युद्धाच्या काळातही जे परवडले नाही, ते आज कोणत्या ‘टार्गेट’साठी परवडेल?

याच पार्श्वभूमीवर राज्य मंत्रिमंडळाच्या सप्टेंबर २०२५ मधील निर्णयाकडे पाहायला हवे. दुकाने व आस्थापनांत दिवसाचे तास ९ वरून १०, कारखान्यांत ९ वरून १२ आणि जादा कामाची मर्यादा तिमाहीत १४४ तास करण्यास त्यात मान्यता देण्यात आली. कारखान्यातील जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती हवी, असेही त्यात आहे. १४४ तास तेरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला अकरा होतात. ४८ मध्ये ते मिळवले की ५९. म्हणजे सगळे नियमात राहूनही कामगार ५५ तासांची रेषा ओलांडू शकतो. आणि ज्याची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, त्याची लेखी संमती कितपत खरी, हे सांगायला तज्ज्ञ नको.

आता काय करावे?

मालक आणि व्यवस्थापकांनी कदर म्हणजे शाल-श्रीफळ हा समज आधी सोडावा. ओव्हरटाइमचे पैसे कायद्याप्रमाणे दुप्पट आणि वेळेवर देणे, रविवारी बोलावलेच तर त्याच आठवड्यात बदली सुटी देणे, पाळीचे वेळापत्रक आधी सांगणे आणि चांगल्या कामाला चारचौघांत चांगले म्हणणे, ही खरी कदर. यातील शेवटच्या गोष्टीला एक रुपयाही लागत नाही.

कामगार विभागाने हजेरीपट आणि पगारपत्रक शेजारी ठेवून तपासावेत. कंपन्यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत रक्तदाब आणि साखरेबरोबर आठवड्याचे कामाचे तास आणि झोप यांचीही नोंद व्हावी. फॅमिली डॉक्टरांनीही ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला देण्याआधी ‘रविवारी सुटी असते का?’ हा प्रश्न विचारावा.

कर्मचाऱ्यांनी आपल्या तासांची नोंद स्वतः वहीत ठेवावी. पुढे हक्क मागताना तीच उपयोगी पडते. नोकरी लगेच सोडणे प्रत्येकाला शक्य नसते, हे खरे. पण तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासणे, सुटीच्या दिवशी काही तास तरी फोन दूर ठेवणे आणि रोजची सात तासांची झोप राखणे, एवढे हातात आहे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप, घाम. किंवा तोंड वाकडे होणे, हातातले बळ जाणे, बोबडी वळणे, यांतले काहीही झाले तर ‘पाळी संपू दे’ म्हणून थांबू नये. १०८ वर फोन करावा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. मन खचले असेल तर ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी सेवा मोफत आहे आणि ती मराठीतही बोलते.

घरच्यांचीही एक जबाबदारी आहे. रात्री दहाला घरी आलेल्या माणसाला ‘एवढे कुणासाठी करतोस?’ असे विचारण्यापेक्षा ‘आज काय झाले?’ असे विचारावे. कार्यालयात न मिळालेली कदर घर भरून काढू शकत नाही, पण तिची जखम हलकी करू शकते.

यंत्राला देखभालीसाठी बंद ठेवण्याचा दिवस प्रत्येक कारखान्यात ठरलेला असतो आणि तो कुणी टाळत नाही, कारण यंत्र बिघडले तर खर्च मालकाचा होतो. माणूस बिघडला तर खर्च त्याच्या घरचा होतो. कायद्याने आणि समाजाने हा हिशेब बदलला, तरच रविवार सुरक्षित राहील.