शेठजींची गोदी

बारामती-इंदापूर भागातील आपल्या पेढ्यांवर वालचंदनगरचे नाव निघाले की बोलणे उसावर आणि साखरेवर येते. नीरेच्या खोऱ्यात कळंबच्या माळावर ही वसाहत उभारणाऱ्या शेठ वालचंद हिराचंदांचा जीव जहाजांत गुंतलेला होता, हे नव्या पिढीस क्वचितच ठाऊक असते. सोलापूरच्या दोशी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी समुद्राचा ध्यास कोठून घेतला, याचे मला नेहमी नवल वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे 'लॉयल्टी' हे जहाज विक्रीस निघाले. शेठजींनी नरोत्तम मोरारजी आदी भागीदारांसह ते घेतले आणि कंपनीस नाव दिले 'सिंदिया'. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन ठरला. जहाज तसे जुनेच होते, फार वर्षे चालले नाही. परक्या देशात बांधलेली जहाजे किती काळ विकत घ्यायची, हा प्रश्न मात्र शेठजींच्या मनात कायम राहिला.

गोदीसाठी त्यांची पहिली नजर हुगळीकाठच्या कलकत्त्यावर होती. तेथील बंदराच्या कारभाऱ्यांशी जमले नाही, तेव्हा त्यांनी विशाखापट्टणम् निवडले. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. वर्षही पुरे झाले नव्हते, तोच ६ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी त्या बंदरावर बाँब टाकले. कामगार पांगले, काम थांबले. त्याच सुमारास बंगळूरचा त्यांचा विमान कारखानाही सरकारने ताब्यात घेतला. एखाद्याने येथेच हात टेकले असते.

१४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' पाण्यात उतरली. आठ हजार टनांचे हे जहाज स्वतंत्र भारतात घडलेले पहिले मोठे आगबोटीचे काम. शेठजी तेव्हा पासष्ट वर्षांचे होते.

आता हिशेबाचे बोलू, कारण आपल्या वाचकांना त्याचीच उत्सुकता असणार. गोदी सिंदियाची आणि मुख्य गिऱ्हाईकही सिंदियाच. यंत्रे परदेशातून आणायची, कारागीर नवे, त्यामुळे येथील जहाज विलायतेहून महाग पडे. मालाचे भाडे मात्र जगाच्या बाजारात ठरे; महागड्या जहाजास कोणी चार पैसे जास्त देत नाही. म्हणजे एका खिशातला तोटा दुसऱ्या खिशाने भरायचा! सरकारी मदत आणि सरकारी मागणी यांवाचून गोदी चालणे शक्य नव्हते, आणि सरकारचा पैसा आला की मालकीही सरकते.

१९४९ मध्ये शेठजींना पक्षाघाताचा झटका आला. पुढल्या वर्षी ते कारभारातून बाजूला झाले. १९५२ च्या जानेवारीत 'हिंदुस्थान शिपयार्ड' ही नवी कंपनी स्थापन झाली. दोन तृतीयांश हिस्सा सरकारचा, उरलेला सिंदियाचा. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे शेठजी निवर्तले. १९६१ मध्ये उरलेला तिसरा हिस्साही सरकारकडे गेला आणि सिंदियाचे गोदीतले खाते कायमचे बंद झाले.

हा व्यवहार शहाणपणाचा होता, असे माझे मत आहे. गोदी हाती ठेवण्याच्या हट्टापायी सारी जहाज कंपनी बुडाली असती, तर कोणाचे भले झाले असते? तरीही ज्या पेढीने पायाचा दगड बसवला तिचे नाव फाटकावरून उतरताना जुन्या भागीदारांच्या मनात काय आले असेल, हा विचार सुटत नाही.

विशाखापट्टणमला जाण्याचा योग आला, तर गोदीच्या बाजूस जाणारी शहर बस धरावी. त्या वस्तीला लोक आजही 'सिंदिया'च म्हणतात.