शिवलेली होडी

घरी होडी बांधावयाची म्हटले की ऐकणारा प्रथम हसतो आणि मग विचारतो, "सुतार कोण?" प्रश्न स्वाभाविक आहे. आधी कणा, कण्यावर फासळ्या आणि फासळ्यांवर वाकवून ठोकलेल्या फळ्या, असे होडीचे चित्र आपल्या मनात असते. आणि पिढ्यान् पिढ्या हत्यार हाती धरलेल्या माणसाखेरीज हे काम कोणाचे नव्हे, अशी आपली समजूत असते. परंतु दोघातिघांना पुरेल अशी वल्ह्यांची लहान होडी पडवीत बांधणे सामान्य माणसाला शक्य आहे. ज्या युक्तीने ते शक्य होते, तिचे नाते मात्र सुतारकामापेक्षा शिवणकामाशी अधिक जवळचे आहे.

आमच्या वाचकभगिनींना ही युक्ती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पोलके शिवताना सपाट कापडाला गोलाई कोठून येते? ती येते बेतण्यातून. दोन तुकड्यांचे काठ वेगवेगळ्या बाकाने कापले आणि ते एकमेकांस जुळवून टाके घातले, की कापड आपोआप उभारी धरते. पातळ प्लायवूडचेही तसेच आहे. तळाचे दोन आणि बाजूंचे दोन तुकडे योग्य बाकाने कापावे, काठांशी बारीक भोके पाडून तांब्याच्या तारेने टाचावे. तारा आवळल्या जातात तसतसा तो सपाट पसारा वर उचलला जातो आणि त्याला होडीचा आकार येतो. साचा लागत नाही, लाकडाला वाफ द्यावी लागत नाही. साचा असतो तो कापण्यातच.

इंग्लंडमध्ये १९६३ साली ही पद्धत घरोघरी पोहोचली. दूरदर्शनवर घरगुती सुतारकाम शिकविणारे बॅरी बकनेल आणि नौकारचनाकार जॅक होल्ट यांनी 'मिरर' नावाची १० फूट १० इंच लांबीची होडी आखली. 'डेली मिरर' ह्या वृत्तपत्राने तो उपक्रम उचलून धरला, आणि कापलेले तुकडे पेटीत घालून विकले जाऊ लागले. ह्या होडीला शीड होते, तशीच ती वल्ह्यांनीही चालविता येई. पुढे अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या झाल्या. त्यांतील कितीतरी, ज्यांनी पूर्वी साधे कपाटही केले नव्हते अशा कुटुंबांनी बांधल्या.

ही पद्धत नवी म्हणून गाजली. पण फळ्या शिवून नौका करणे आपल्या किनाऱ्याला नवे नव्हते. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने लिहून ठेवले आहे, की इकडील नौका काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत, आणि खडकावर आदळल्यास लोखंडी खिळ्यांची नौका फुटते, तर शिवलेली लवचिक असल्याने तग धरते. आपल्या गोव्यातील रापणीच्या होड्याही ह्याच रीतीने शिवल्या जात. फळीला फळी भिडवावी, फटीवर काथ्या बसवावा, भोकांतून दोरी ओवून आवळावी. फासळ्या नंतर येत. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून बेतलेली आणि केरळच्या कारागिरांनी शिवलेली 'कौंडिण्य' ही नौका २०२५ साली गोव्यात जलावतरण पावली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

दोहोंत एक भेद मात्र आहे, आणि घरी होडी बांधणाऱ्याने तो विसरू नये. काथ्याचा टाका हा नौकेचे बळ असतो. तो कुजला की नौका गेली, म्हणून तो वेळोवेळी बदलावा लागतो. प्लायवूडच्या होडीतील तारेचा टाका म्हणजे केवळ कच्चा धावदोरा. खरे बळ आतून सांध्यावर लिंपलेल्या इपॉक्सीच्या राळेत आणि तीवर बसविलेल्या काचतंतूंच्या पट्टीत असते. राळ धरली की तारा कापून काढावयाच्या. म्हणजे होडीला आकार देण्याची संधी कच्च्या टाक्यांच्या अवस्थेतच. एकदा राळ बसली की पीळ कायमचा.

म्हणून घाई करावयाची नाही ती ह्याच टप्प्यावर. नाळेच्या टोकापासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दोरी धरून पाहावी. दोन्ही मापे समान हवीत. पुढे व मागे एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका डोळ्याने न्याहाळावे. पट्ट्या समांतर दिसल्या नाहीत तर होडीला पीळ आहे. असा पीळ राहिलेली होडी सरळ वल्हवली तरी एका अंगाला वळत राहते. तार सैल करून पुन्हा आवळण्यास दहा मिनिटे लागतात. राळ धरल्यावर त्याला उपाय नाही.

साहित्याविषयी काटकसर नको. प्लायवूडवर 'आयएस ७१०' हा सागरी प्रतीचा शिक्का पाहूनच घ्यावे. ह्या आकारास ६ मिलिमीटर जाडी पुरते. स्वयंपाकघरातील कपाटांसाठी मिळणारे प्लायवूड थोडे स्वस्त पडते, परंतु सतत पाण्यात राहण्यासाठी ते केलेले नसते. फळी ८ फुटांची मिळते, तेव्हा दोन फळ्या तिरप्या तासून एकमेकींवर चिकटवाव्या लागतात. जाडीच्या आठपट लांबीचा उतार ठेवला तर सांधा धरतो. कापलेल्या प्रत्येक कडेला राळ पाजावी, कारण पाणी शिरते ते कडेतूनच. हे काम पावसाळ्यात काढू नये, आणि राळ हाताळताना हातमोजे व घासताना तोंडावर मुखपट्टी असावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. सव्वातीन मीटर लांब व सव्वा मीटर रुंद होडीचे पाण्याच्या पातळीवरील क्षेत्रफळ सुमारे अडीच चौरस मीटर धरले, तर दर २५ किलो वजनास ती साधारण १ सेंटिमीटर खाली जाते. दोन माणसे बसल्याने ती पाचसहा सेंटिमीटरच उतरते, आणि पाहणाऱ्यास वाटते की आता हिला भय नाही. पण हा हिशेब कोरड्या होडीचा. एक लाट आत आली, कोणी एकदम उभे राहिले, की होडी पाण्याने भरते. लाकूड तरंगते हे खरे. त्याला धरून माणसे तरंगतीलच असे नाही. बाकांखाली सर्व बाजूंनी बंद केलेले हवेचे कप्पे पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंस सारखे ठेवावे. एक लिटर बंदिस्त हवा सुमारे एक किलो भार उचलते. एकूण शंभर लिटर तरी जागा ह्यासाठी राखावी. बसावयास जागा अपुरी पडते म्हणून हे कप्पे गाळणाऱ्यांचे ऐकू नये.

होडी रंगवून झाली, नाव लिहून झाले, नारळ वाढवून झाला, की मुले तीत बसण्यास उतावीळ होतात. त्यांना अर्धा दिवस थोपवावे. कमरेइतक्या संथ पाण्यात, पट्टीच्या पोहणाऱ्या दोन मोठ्या माणसांनी बादल्यांनी ती काठोकाठ भरावी आणि त्यांनीच आत बसून पाहावे. काठ पाण्याच्या वर राहिला आणि बसल्या जागेवरून पाणी उपसून टाकता आले, तरच मुलांना तारक जाकिटे घालून हाती वल्ही द्यावीत. काठ बुडाला, तर होडी परत पडवीत आणावी आणि कप्पे वाढवावे.